परतीचं कारण

वॉकर परत आला तो मंगळवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास. आणणारी बाई तो वापरणाऱ्या मुलीची आई नव्हती, शेजारीण होती. वॉकर जुन्या चादरीत गुंडाळलेला होता, चाकं पुसलेली होती आणि पुढच्या पट्ट्यावरचा कापडी बिल्ला जागच्या जागी होता. मुंगीच्या आईने एवढं पाहिलं आणि तिला जे कळायचं ते कळलं.

"हा तुमच्याकडे द्यायला सांगितलाय," शेजारीण म्हणाली आणि दारातच थांबली.

"बरं." मुंगीच्या आईने वॉकर आत घेतला, शेजारणीला स्टुलावर बसवलं आणि पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. शेजारीण पाणी प्यायली, इकडेतिकडे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या," मुंगीची आई म्हणाली. "काही सांगू नका. इथे कुणी काही विचारत नाही."

शेजारीण आली तशी गेली.

इथे म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत. पूर्वी ते सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आता पुढच्या खोलीत शिलाई मशीन होतं, मागच्या खोलीत नळ्या कापायची करवत, वेल्डिंगचं यंत्र आणि मिस्त्री. दारावर मिस्त्रीनेच रंगवलेली पाटी होती: 'मुंगीच्या आठवणीत. मेंदूच्या आजारातून उठणाऱ्या मुलांसाठी साधनं. विनामूल्य.' वॉकर, उभं राहायला शिकवणाऱ्या चौकटी, कडेने आधार असलेल्या खुर्च्या, जाड मुठीचे चमचे. लोखंड मिस्त्रीचं, कापड त्याच्या बायकोचं. पाच वर्षांत त्रेचाळीस मुलं झाली होती.

मुंगी त्यांची एकुलती एक. सात वर्षांची होईपर्यंत ती एका जागी बसली नव्हती आणि घरातली साखर तिच्यापासून लपवावी लागायची, म्हणून मुंगी. मग मेंदूला सूज आली. तीन आठवडे ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा डावा हात आणि डावा पाय तिचं ऐकत नव्हते. दवाखान्याने चाकाची खुर्ची वापरायला दिली. मिस्त्रीने सायकलच्या नळ्यांतून नऊ दिवसांत वॉकर बनवला. मुंगी त्यावर अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी ताप परत आला.

सगळं झाल्यावर खुर्ची परत करायला मुंगीची आई एकटी गेली होती. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. शेवटचा रकाना होता: 'परतीचं कारण'. ती पेन धरून उभी राहिली. मागे रांग होती. कारकुनाने मान वर करून पाहिलं. "बरी झाली ना पोरगी? मग तेच लिहा की!" तो चांगल्या मनाने म्हणाला. तिने लिहिलं: 'बरी झाली.' खाली सही केली.

म्हणून यांच्या वहीत तो रकाना नव्हता. तारीख, उंची, कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप, कमजोर बाजू, फोन नंबर. बस्स. साधन परत आलं की घ्यायचं, पाणी द्यायचं, विचारायचं नाही. हा नियम तिचा होता. मिस्त्रीने त्याला कधी फाटा दिला नाही.

न विचारता कळायची सोय मात्र होती. प्रत्येक मूल आपल्या आवडीचं चित्र सांगायचं. ती त्याचा बिल्ला भरून पट्ट्यावर शिवायची. मासा, किटली, जिना, काय वाटेल ते. मूल हिंडूफिरू लागलं की घरचे बिल्ला उसवून ठेवून घ्यायचे आणि साधन परत द्यायचे, बहुधा मुलाला बरोबर घेऊन, वाजतगाजत. बिल्ल्यासकट परत आलं, तेही दुसऱ्या कुणाच्या हाती, तर त्याचा अर्थ एकच. असे बिल्ले ती एका पांढऱ्या कापडावर शिवत असे. कापड मशीनसमोरच्या भिंतीवर होतं. पहिली मुंगी, मग बाकीचे. पाच वर्षांत हा हिशेब कधी चुकला नव्हता. चुकला असता तरी त्यांना कळलं नसतं.

आज परत आलेल्या वॉकरवरचा बिल्ला होता मिशांचा.

ही मुलगी नऊ वर्षांची. डोक्यातली गाठ काढलेली, पाणी साचू नये म्हणून डोक्यापासून पोटापर्यंत आतून नळी बसवलेली. आई दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला, घरी आजोबा. आजोबांनी आयुष्यभर बस चालवली होती आणि त्यांच्या मिशा बसच्या आरशात मावत नसत, असं ते स्वतःच सांगायचे. आठ महिन्यांपूर्वी माप घ्यायला आले तेव्हाची गोष्ट.

"बिल्ल्यावर काय काढू ग तुझ्या?" मुंगीच्या आईने विचारलं होतं.

"आजोबांच्या मिशा."

"माझ्या मिशा काय रस्त्यावर पडल्यात?" आजोबा म्हणाले. "फूल सांग, पक्षी सांग. मुलीच्या जातीला मिशा!"

"मग तुम्ही द्या काढून. वॉकरला लावू त्याच."

त्या दिवसापासून ती मिशीवाली. त्याच दिवशी चहा पिताना लाँड्रीवालीने भिंतीवरच्या कापडाबद्दल विचारलं होतं आणि मुंगीच्या आईने सांगितलं होतं, "ही आमची गेलेली मुलं." लाँड्रीवालीने चहा अर्धाच ठेवला होता.

तर त्या मंगळवारी संध्याकाळी मुंगीच्या आईने मिशा उसवल्या आणि कापडावर आठव्या जागी शिवल्या. मिस्त्रीने वॉकर सुटा केला. उजवी मूठ सैल झाली होती, ती त्याने घट्ट केली. तिसऱ्या आठवड्यात तो सांगाडा एका पाच वर्षांच्या मुलाकडे गेला.

सुमारे सात आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, मुंगीची आई पट्टा शिवत असताना दारात आधी मिशा दिसल्या. मग आजोबा. मग त्यांच्या कडेवर टोपी घातलेली मिशीवाली, पाय लोंबकळत. मागे लाँड्रीवाली.

मशीनवरचा पाय थांबला.

"झाला का आमचा वॉकर नीट?" लाँड्रीवालीने विचारलं.

"नीट म्हणजे?"

"उजवी मूठ सैल झाली होती ना. शेजारणीकडे निरोप दिला होता, दुरुस्त करून ठेवा, दवाखान्यातून सुटलो की नेतो. हिची नळी बंद पडली होती हो. दोनदा उघडावं लागलं डोकं." ती घाईत बोलत होती, कामावरून तासाभराची सुटी काढून आल्यासारखी. "आता गुरुवारी पुनर्वसन केंद्रात दाखवायचंय. वॉकर धरून दहा पावलं टाकली तर सहा आठवडे ठेवून घेणार, रोज दोनदा व्यायाम. दहा झाली नाहीत तर जागा दुसऱ्याला."

तेवढ्यात मिशीवालीने बोट दाखवलं.

"आई, माझ्या मिशा बघ कुठे लावल्यात! मुंगीच्याच कापडावर."

लाँड्रीवालीने पाहिलं. तिने पुढे होऊन मुलीची टोपी सारखी केली. टोपी नीटच होती.

"कधी लावल्यात?"

"वॉकर आला त्याच दिवशी," मुंगीची आई म्हणाली.

"म्हणजे मी तिकडे हिच्या उशाशी बसले होते, आणि इकडे तुम्ही..."

"हो."

"विचारायचं तरी."

"आम्ही विचारत नाही, ताई."

"का नाही विचारत? नंबर लिहून घेतलाय ना वहीत? एक फोन करायला काय झालं होतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "शेजारीण म्हणत होती, त्या बाईंनी मला बोलूच दिलं नाही, पाणी पाजून वाटेला लावलं. मला वाटलं, तीच विसरली असेल. मीच तिला बोलले."

आतून मिस्त्री कानस हातात घेऊन बाहेर आला. मुलीला पाहिलं आणि त्याने दाराची चौकट धरली.

"काका, माझा वॉकर?" मिशीवाली म्हणाली.

आजोबांनी घसा खाकरला. "अहो, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. दहा-वीस वर्षं तरी वाढवलीत तुम्ही हिची. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"म्हणजे मी मेले होते?"

"तेवढ्यापुरती."

"किती दिवस?"

"सात आठवडे."

"आणि मला कळलंच नाही," मिशीवाली म्हणाली. हसली फक्त तीच. हसताना तोंडाची उजवी बाजू मागे राहिली. आठ महिन्यांपूर्वी ती अशी राहत नव्हती.

मिस्त्रीने खरं ते सांगितलं. सांगाडा दुसऱ्या मुलाकडे गेलाय. मुलगा त्यावर चालायला लागलाय.

"तो आणूही नका," लाँड्रीवाली म्हणाली. "गुरुवारी मला वॉकर पाहिजे. बाकी मला काही बोलायचं नाही."

मिस्त्री जमिनीवर बसला आणि त्याने माप घेतलं. मुलगी अंथरुणात तीन बोटं वाढली होती. उजव्या हाताने पकड सोडली होती. नुसती मूठ आता चालणार नव्हती. कोपरापासून मनगटापर्यंत हात ठेवायला टेकू लागणार होता. त्याने सगळं दोनदा मोजलं. एरवी तो एकदाच मोजत असे.

ते गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला आणि लगेच परत आला. "वाकवलेल्या नळ्या शनिवारशिवाय यायच्या नाहीत."

"सरळ नळ्यांचं काही?"

"वळणाला तुटेल. हिचं वजन पेललं नाही तर?"

ती पट्टा तपासत राहिली. तो काय म्हणणार हे तिला माहीत होतं आणि आपण तोंड उघडेपर्यंत तो म्हणणार नाही, हेही.

"कोपऱ्यात आहे की एक," ती म्हणाली.

मुंगीचा वॉकर मशीनच्या बाजूलाच होता. पाच वर्षं ती त्याच्यावर मापाची पट्टी, कात्री, कापलेले पट्टे अडकवत आली होती. येणाऱ्याला ते कपडे वाळत घालायचं स्टँड वाटे. तिने एकेक वस्तू काढून मशीनवर ठेवली. मग मिस्त्रीने तो उचलून आत नेला.

मुंगीची डावी बाजू कमजोर होती, म्हणून टेकू डावीकडे होता. तो कापून उजवीकडे जोडायला हवा होता. मिस्त्रीने वॉकर शिकंज्यात आवळला, करवतीला पातं लावलं, खूण केली आणि करवत खाली ठेवली.

"अगं, जरा धरतेस?"

आवळलेल्या नळीला धरायची गरज नसते. ती गेली आणि तिने धरली. लोखंड कापलं जाताना तिचे हात खांद्यापर्यंत थरथरत होते.

उरलं उंचीचं काम. मुलांचे कपडे जसे वाढत्या मापाचे शिवतात, तसे मिस्त्री वॉकरचे पायही वाढत्या मापाचे करत असे. नळीत नळी आणि एकाखाली एक चार भोकं. मूल वाढलं की खिळा पुढच्या भोकात. मुंगीचा खिळा पहिल्या भोकात होता. पाच वर्षांत तो गंजून नळीशी एक झाला होता. मिस्त्रीने तेल सोडलं, थांबला, ठोकलं, परत तेल सोडलं. चौथ्या पायाचा खिळा निघायला अर्धा तास लागला. मिशीवालीच्या मापाने खिळे तिसऱ्या भोकात गेले. म्हणजे मुंगी दहाची झाली असती तेव्हाच्या. मग मिस्त्री बाहेरच्या नळावर हात धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

मंगळवारी रात्रीच्या आत वेल्डिंग झालं. बुधवारी तिने टेकूला जाड गादी शिवली. मिशांचा बिल्ला भिंतीवरून उसवला. कापड सात आठवड्यांत फारसं मळलं नव्हतं, तरी तिथे एक चौकोन बाकीच्यापेक्षा पांढरा दिसत होता आणि चारी बाजूंनी सुईची भोकं.

संध्याकाळी लाँड्रीवाली कामावरून परस्पर आली. वॉकर हलवून पाहिला, टेकू दाबून पाहिला.

"हा कुणाचा होता?" जुना रंग पाहून तिने विचारलं.

"मुंगीचा," मिस्त्री म्हणाला.

लाँड्रीवालीने टेकूवरचा हात काढला नाही.

"बिल्ला लावून देऊ?" मुंगीच्या आईने विचारलं.

"नको. इकडे द्या." तिने तो पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

गुरुवारी तपासणी दुपारी दोनला होती. मुंगीच्या आईने अडीचपर्यंत एक पट्टा शिवला. तो उलटा शिवला गेला होता. उसवून परत शिवला, तोही उलटाच. मिस्त्री दोनदा बाहेर येऊन घड्याळ पाहून गेला. "घड्याळाला नजर लावाल," ती म्हणाली. "आतलं बंद पडलंय," तो म्हणाला. आतलं चालू असल्याचं तिला इथून ऐकू येत होतं.

पाचला दहा कमी असताना लाँड्रीवाली दारात आली. एकटीच. खांद्याला वॉकर अडकवलेला.

मुंगीच्या आईचा हात सवयीने ग्लासाकडे गेला. तिने तो भरला. भरलेला ग्लास तिने मशीनवर ठेवून दिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

लाँड्रीवालीने वॉकर खाली टेकवला. "आठ."

"आठ पावलं?"

"नववं टाकताना हात टेकूवरून घसरला. पडली नाही, बसली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा. पुन्हा केलं तर पाच." ती स्टुलावर बसली. "डॉक्टरांना म्हणते कशी, आठ आणि दहाच्या मध्ये फक्त नऊच तर आहे. हसले ते. सगळे हसले. पण आठ ते आठच."

"मग?"

"जागा गेली. दोन महिन्यांनी परत बोलावलंय. तोवर घरीच व्यायाम. पण त्यांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, हाताचं आता लवकर काही झालं नाही, तर जे आहे तेही राहायचं नाही." तिने स्वतःचा उजवा हात उताणा करून पाहिला, जणू दुखणं तिथे होतं. "हे आजोबांना अजून सांगितलेलं नाही. ते तिला घेऊन घरी गेलेत. तिला वाटतंय, पास झाले."

मिस्त्री आतून येऊन उभा होता. "टेकू आत घेतो बोटभर," तो म्हणाला. "आणि मनगटाला पट्टा. घसरणार नाही."

"त्यासाठीच आणलाय. हा परत दिलेला नाही. वहीत तसं लिहा."

मुंगीच्या आईने वही काढली आणि तारखेपुढे लिहिलं: दुरुस्तीला आला. उद्या न्यायचा. लाँड्रीवालीने वाकून ते वाचलं. मग मशीनवरचा ग्लास स्वतःच घेतला आणि पाणी प्यायली.

"येताना बसमध्ये वॉकर मांडीवर घेऊन बसले होते," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते सगळ्या रस्त्याने ठरवत होते. एवढी गर्दी. सगळे खिडकीबाहेर बघत होते." ती उठली. दारापाशी वळून तिने भिंतीकडे पाहिलं. मुंगी, मासा, किटली, जिना, आणखी तीन आणि रिकामा चौकोन. "बाकीच्यांचं तरी विचारलंय का?"

उत्तराची वाट न पाहता ती पायऱ्या उतरली.

मिस्त्री वॉकर आत घेऊन गेला. थोड्या वेळाने कानशीचा आवाज सुरू झाला. मुंगीची आई वही उघडी ठेवून बसली होती. मुंगी सोडून सहा. सहाही साधनं परत आली तेव्हा आणणाऱ्यांचे चेहरे तिला आठवत होते: काका, मामी, एक घरमालक, एकदा तर नुसता रिक्षावाला. मुलाचं काय झालं ते त्यांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. तिनेच कुणाला सांगू दिलं नव्हतं.

तिने पानं मागे उलटली. किटली. चार वर्षांचा मुलगा, वडील घरं रंगवणारे. तीन वर्षांपूर्वी मुलाचा काका उभं राहायची चौकट आणून दारातून निघून गेला होता. नंबर पेन्सिलीने लिहिलेला होता, पण वाचता येत होता. तिने लावला. चार वेळा वाजल्यावर उचलला गेला.

"हॅलो, कोण?"

"मी मुंगीची आई. ती उभं राहायची चौकट... किटलीच्या बिल्ल्याची."

पलीकडे काहीतरी तळलं जात होतं.

"बोला," माणूस म्हणाला.

"चौकट परत आली तेव्हा मी विचारलं नव्हतं. मी कुणालाच विचारत नाही, तसं ठरवलं होतं. काय झालं होतं त्याला?"

बराच वेळ नुसता तळण्याचा आवाज येत राहिला. तिला वाटलं, आपण चुकलो. फोन ठेवावा.

"मागच्याच महिन्यात तीन वर्षं झाली त्याला जाऊन," माणूस म्हणाला. "थांबा हं. ठेवू नका. गॅस बंद करून येतो, नीट बसून सांगतो."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. तळण्याचा आवाज बारीक होत थांबला. मग फरशीवरून खुर्ची ओढली गेली.

मुंगीच्या आईनेही पायाने स्टूल जवळ घेतलं.